पाळी जाण्याच्या वयातली अंगदुखी: आधी काय तपासायचं, मग काय करायचं

चाळिशीच्या उत्तरार्धात बायकांच्या तक्रारींची एक ठरलेली मालिका सुरू होते. सकाळी उठल्यावर बोटं आखडलेली असतात. पलंगावरून पाय खाली टाकला की टाचेत कळ येते. ब्लाउजच्या मागच्या हुकांपर्यंत हात पोचत नाही आणि एका कुशीवर झोपलं की खुबा ठणकतो. पडल्याचं आठवत नाही, मार लागलेला नसतो. एक्स-रे स्वच्छ, युरिक अ‍ॅसिड नॉर्मल, आरए फॅक्टर (संधिवाताची रक्ततपासणी) निगेटिव्ह. मग घरचे म्हणतात ‘वय झालं’, डॉक्टर कॅल्शियम लिहून देतात आणि शेजारच्या काकू निर्गुडीचं तेल आणून देतात. यातलं काहीच अगदी चूक नाही, पण पुरेसंही नाही.

माझं म्हणणं असं आहे की ‘मेनोपॉजमुळे दुखतंय’ हे निदान बाकीच्या शक्यता वगळून झाल्यावर करायचं असतं, पहिल्या भेटीत नव्हे. आणि ते झालं म्हणून ‘आता सोसा’ असा त्याचा अर्थ होत नाही. दुखणारी जागा कोणती यावर उपाय ठरतो, आणि बहुतेक जागांना आरामापेक्षा हळूहळू वाढवलेला व्यायाम जास्त मानवतो.

भारतात पाळी थांबण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. पाश्चात्त्य देशांत ते ५१ च्या जवळ जातं. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात. दुखणी मात्र ते १२ महिने पुरे होण्याची वाट पाहत नाहीत. आधीच्या काही वर्षांत, पाळी मागेपुढे होत असतानाच, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक (हार्मोन) कधी खूप वर तर कधी खूप खाली जात असतं आणि अंगदुखी बरेचदा तेव्हाच सुरू होते. त्यामुळे ‘अजून पाळी येते ना, मग मेनोपॉजचा काय संबंध?’ हा प्रश्न डॉक्टरांनी विचारला तरी निमूट मान डोलवू नका.

इस्ट्रोजेन म्हटलं की गर्भाशय आठवतं, पण त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश पकडणाऱ्या जागा, स्नायूंत, हाडांत, सांध्यातल्या कूर्चेत, सांध्याच्या आवरणात आणि टेंडनमध्येही असतात. (स्नायू ज्या पांढऱ्या चिवट दोरीने हाडाला बांधलेला असतो ती टेंडन.) इस्ट्रोजेन असताना दाह आटोक्यात राहतो, कोलाजेनची (टेंडन आणि कूर्चा ज्याची बनते त्या प्रथिनाची) डागडुजी होत राहते, वेदनेचे संदेशही थोडे दबतात. ते कमी झालं की रोजच्या कामाने होणारी बारीक झीज भरून यायला वेळ लागतो. म्हणजे काम तेच, हात तेच, फक्त दुरुस्ती मंदावलेली. वीस वर्षं ज्या मनगटाने पोळ्या लाटल्या ते आताच का दुखावं, याचं उत्तर यात आहे. २०२४ मध्ये ‘क्लायमॅक्टेरिक’ या वैद्यकीय नियतकालिकात या सगळ्या तक्रारींना मिळून ‘मस्क्युलोस्केलेटल सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ असं नाव सुचवलं गेलं. ७० टक्क्यांहून अधिक बायकांना यातलं काही ना काही होतं आणि साधारण चौथ्या हिश्श्यातल्या बायकांचं त्याने रोजचं काम अडतं, असं त्या लेखात म्हटलं आहे. नाव मिळाल्याने दुखणं कमी होत नाही, पण केसपेपरवर लिहायला काहीतरी मिळतं, हेही नसे थोडके.

आधी वगळायच्या गोष्टी

पहिली भेट हाडांच्या डॉक्टरांची घेऊ नका. आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन गाठा. तिथे रक्ताच्या ठरावीक तपासण्या पुरतात: हिमोग्लोबिनसह सीबीसी, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातल्या दाहासाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ड जीवनसत्त्व (२५-हायड्रॉक्सी), बी१२, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांसाठी) आणि क्रिएटिनिन (किडनीसाठी). लॅबवाल्यांची ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाची महागडी पॅकेजं असतात, त्यांची गरज बहुतेकींना नसते. आरए फॅक्टर हा ‘बघून टाकू’ म्हणून करण्याचा टेस्ट नव्हे. तो निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येतो आणि खरा संधिवात असतानाही कित्येकदा निगेटिव्ह येतो. सांध्यावर डोळ्यांना दिसेल अशी सूज असेल, तरच तो आणि त्याच्या जोडीला अँटी-सीसीपी ही संधिवाताचीच दुसरी तपासणी करावी.

रिपोर्ट वाचताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. एक म्हणजे ईएसआर. वयाबरोबर तो थोडा वाढतोच. वयात १० मिळवून निम्मं करा. बाईसाठी तेवढा आकडा ढोबळमानाने चालतो. पन्नाशीत ३० ईएसआर पाहून घाबरायचं कारण नाही. दुसरं म्हणजे थायरॉइड. केस गळतात म्हणून याच वयात बायोटिनच्या गोळ्या सुरू असतात, आणि बायोटिनमुळे काही मशीनवर टीएसएच खोटा कमी दिसतो. मोठ्या मात्रेची गोळी चालू असेल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.

ड जीवनसत्त्वाची गोष्ट पुण्यात जरा निराळी आहे. ऊन भरपूर, पण आपण ते अंगाला लागू देत नाही. स्कार्फ, सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे अशा वेशात टू-व्हीलरवरून ऑफिस आणि तिथून घर. सकाळी सहा-साडेसहाला सारसबागेत किंवा तळजाईवर चालायला जाणाऱ्यांना वाटतं आपल्याला ऊन मिळतं. पण कोवळ्या तिरप्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण जवळजवळ नसतात. ते सकाळी दहा-अकरापासून दुपारी दोन-तीनपर्यंत मिळतात. हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून १५ ते ३० मिनिटं, आठवड्यातून काही दिवस. सावळ्या त्वचेला जास्त वेळ लागतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेही जमत नाही.

रिपोर्टमध्ये पातळी २० (ng/ml) च्या खाली असेल तर साधारणपणे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, ८ आठवडे देतात. ती तूप, दूध किंवा जेवणाबरोबर घ्यायची, कारण ते चरबीत विरघळतं. इथे नेहमी होणारी चूक अशी की चिठ्ठीवरचं ‘आठवड्यातून एकदा’ वाचलं जात नाही आणि पुडी रोज घेतली जाते. किंवा ८ आठवडे संपले तरी ‘बरं वाटतंय’ म्हणून महिनोन्‌महिने चालू राहते. त्याने रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, बद्धकोष्ठता आणि किडनीचा त्रास होतो. खरी कमतरता असेल तर दुखणं सांध्यात कमी आणि हाडांत जास्त जाणवतं: नडगी किंवा फासळ्या दाबल्या की दुखतात, जमिनीवरून उठताना मांड्यांत जोर लागत नाही.

बी१२ शाकाहारी घरांत कमी असणं नवलाचं नाही. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर आणखी कमी. तळपायाला मुंग्या, जळजळ, अंधारात चालताना तोल जाणं ही त्याची लक्षणं. ती मेनोपॉजच्या खात्यावर टाकू नयेत.

पुणेकरांनी वगळायची आणखी एक गोष्ट म्हणजे चिकुनगुनिया. २०२४ च्या पावसाळ्यात शहरात त्याची मोठी साथ होती. ताप चार दिवसांत जातो, सांधे मात्र कित्येक महिने धरून राहतात, आणि ते दुखणं हुबेहूब संधिवातासारखं दिसतं: मनगटं, घोटे, बोटं, दोन्ही बाजूंना. मागच्या वर्षभरात ताप-पुरळ येऊन गेलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

औषधंही पाहा. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्यांमुळे दोन्ही मांड्या, दंड दुखू शकतात; तेव्हा सीपीके (स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी) करतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, बदलून मिळते. स्तनाच्या कर्करोगानंतर लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल चालू असेल तर सांधेदुखी त्या औषधाचीच असण्याची शक्यता मोठी.

आणि काही लक्षणांत थांबायचंच नाही. चालताना, जिना चढताना छाती, जबडा किंवा डावा हात भरून येणं. एकाच पोटरीला सूज. ताप, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारी हाडातली वेदना. लघवी-शौचावरचा ताबा जाणं. वाकून बादली उचलल्यावर पाठीत एकदम सणक जाऊन कायम राहणं, कारण तो मणक्याचा फ्रॅक्चर असू शकतो. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि दोन्ही खुबे सकाळी तासभर आखडणं, आणि त्यातच कानशिलं दुखणं किंवा चावताना जबडा दुखणं. हे शेवटचं डोळ्यांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला तर त्याचा अंगदुखीशी संबंध नाही, पण तोही थेट स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायचा.

खांदा

या वयातला सगळ्यात छळणारा प्रकार म्हणजे फ्रोझन शोल्डर, खांद्याच्या सांध्याचं आवरण सुजून आखडणं. ४० ते ६० या वयात, बायकांत जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर त्याहून जास्त. घरी ओळखायची एक चांगली परीक्षा आहे. खुर्चीत बसा, कोपर ९० अंशात वाकवून कमरेला चिकटवा आणि कोपर न हलवता पंजा बाहेरच्या बाजूला, दार उघडावं तसा फिरवा. दोन्ही हातांनी एकदम करून पाहा. दुखऱ्या बाजूचा हात निम्म्यावरच अडला, आणि दुसऱ्या कुणी हलक्या हाताने फिरवायचा प्रयत्न केला तरी तिथेच अडला, तर तो फ्रोझन शोल्डर असण्याची शक्यता दाट आहे. स्वतःला जात नाही पण दुसऱ्याने सहज फिरवला, तर दोष बहुधा टेंडनमध्ये आहे आणि उपाय वेगळा. या एका फरकामुळे पुढचे सहा महिने योग्य वाटेने जातात.

याचे तीन टप्पे असतात. पहिला वेदनेचा: काही आठवड्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत, रात्री झोप लागत नाही, झटका बसला की डोळ्यांपुढे काजवे. दुसरा आखडण्याचा: वेदना उतरते, पण हात वर जात नाही. तिसरा सुटण्याचा. सगळं मिळून एक ते तीन वर्षं. ‘आपोआप बरा होतो’ हे बरंचसं खरं असलं तरी इतका काळ वाट बघायची गरज नाही.

गफलत होते ती पहिल्या टप्प्यात. ‘हलवला नाहीस तर कायमचा धरेल’ या भीतीने हात भिंतीवर चढवून, दारावर पुली लावून, कुणाकडून तरी ओढून घेऊन जबरदस्तीने मोकळा केला जातो. आवरणाचा दाह आधीच पेटलेला असतो, ओढल्याने तो वाढतो. हाडं ठिसूळ असतील तर मालिशवाल्याच्या एका हिसक्याने फ्रॅक्चरही होतो. या टप्प्यात दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटं पुरे: टेबलाला धरून पुढे वाकायचं, दुखरा हात सैल लोंबकळत सोडायचा आणि अंगाच्या हेलकाव्याने त्याला लहान वर्तुळात फिरू द्यायचं. मग टेबलावर रुमाल ठेवून त्यावर तळहात पुढे सरकवायचा, कळ सुरू होते तिथून मागे. रात्री पाठीवर झोपताना कोपराखाली घडी घातलेला टॉवेल ठेवला की खांदा मागे पडत नाही आणि झोप लागते.

सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन याच टप्प्यात उपयोगी पडतं. आखडून बसल्यावर घेतलं तर फायदा फारसा नाही. लोक उलट करतात. आधी वर्षभर टाळतात आणि मग ‘आता इंजेक्शनच घेते’ म्हणतात. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वर जाते, तेव्हा घरी तपासत राहावं. दुसऱ्या टप्प्यात मात्र ताणायला हरकत नाही: लाटणं किंवा काठी दोन्ही हातांत आडवी धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेर ढकलायचं, ३० सेकंद धरायचं, पाच वेळा, रोज दोनदा.

टाच, खुबा, मनगट

टाचेचं दुखणं पहिल्या पावलांत सगळ्यात तीव्र आणि दहा मिनिटं चालल्यावर कमी, असं असेल तर ते तळपायाच्या पट्ट्याचं, म्हणजे प्लांटर फॅशियाचं. एक्स-रेमध्ये दिसणारं ‘वाढलेलं हाड’ कारण नसतं. ज्यांची टाच कधी दुखली नाही अशांच्याही एक्स-रेत ते सापडतं. गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायची पद्धत अजून घराघरांत आहे. शेकाने तात्पुरतं बरं वाटतं, पण मधुमेहामुळे पाय बधिर असेल तर भाजल्याचं कळत नाही, आणि रुईचा चीक डोळ्याला गेला तर गंभीर इजा होते.

मूळ दुखणं सुधारतं ते पायरीवरच्या व्यायामाने. पायरीच्या कडेवर चवडे टेकवा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवा म्हणजे बोटं वर वळतील, कठड्याला धरा. तीन सेकंदांत टाचा वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. १२ वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. सुरुवात दोन्ही पायांवर, मग एकावर, मग पाठीवर सॅकमध्ये वजन घेऊन. फरक जाणवायला तीन महिने लागतात. बहुतेक जणी तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात आणि ‘व्यायामाने काही झालं नाही’ म्हणतात. तोवर घरात फरशीवर अनवाणी फिरायचं नाही. घरात वापरायची जाड तळव्याची, थोडीशी टाच असलेली चप्पल वेगळी ठेवा आणि सकाळी पलंगावरून उतरण्याआधीच पायात घाला.

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, कुशीवर झोपल्यावर टोचणारं जे हाड आहे तिथलं दुखणं सांध्याचं नसतं. खुब्याचा सांधा खराब झाला तर जांघेत दुखतं. बाहेरून दुखतं ते नितंबाच्या स्नायूंच्या टेंडनमुळे, आणि ते मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरतं म्हणून त्याला सर्रास सायटिका म्हटलं जातं, कमरेचा एमआरआय होतो, त्यात या वयात काही ना काही सापडतंच, आणि गाडी भलत्याच रुळावर जाते. सायटिकाची कळ बहुधा गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत जाते, मुंग्या येतात. इथे तसं होत नाही. त्याच पायावर अर्धा मिनिट उभं राहिलं की नेमकं ते हाड दुखतं.

यात सवयी बदलणं औषधापेक्षा महत्त्वाचं. ओट्याशी एका पायावर भार टाकून, खुबा बाहेर काढून उभं राहणं. पायावर पाय टाकून बसणं. सोफ्यावर पाय एका बाजूला मुडपून टीव्ही पाहणं. गाडी रोज मेन स्टँडला लावणं. हे सगळं दीड-दोन महिने बंद. झोपताना दोन गुडघ्यांमध्ये घोट्यापर्यंत पोचेल अशी जाड उशी. आणि त्या बाजूला ताण देणारी आसनं करायची नाहीत. ताणल्याने हाडावर टेंडन आणखी दाबली जाते. त्याऐवजी पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, मांड्यांभोवती ओढणी बांधायची आणि गुडघे बाहेरच्या बाजूला ओढणीवर हलकेच दाबायचे: १० सेकंद, १० वेळा. ते सोसू लागलं की पाठीवर झोपून कंबर उचलणं, मग खुर्चीवरून हात न टेकता उठबस.

हातांचं थोडक्यात. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात दुखत असेल, पोछा पिळताना आणि गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पिळताना वाढत असेल तर अंगठ्यासह मनगट धरून ठेवणारा स्प्लिंट तीन ते सहा आठवडे. पोछा पिळायचाच नाही, दांड्याचा घ्या. कुकर, कढई दोन्ही हातांनी. रात्री अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होऊन हात झटकावा लागत असेल तर मनगटातली नस दबलेली असते. मनगट सरळ ठेवणारा पट्टा फक्त रात्री, सहा आठवडे. अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा सपाट होऊ लागला किंवा बटण लावता येईना, तर नसेची तपासणी लांबवू नका. बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांवर येणाऱ्या कडक गाठी झिजेच्या. मुळाकडचे सांधे मऊसर सुजून सकाळी तासभर आखडत असतील तर मात्र संधिवाततज्ज्ञ.

कुठे एका जागी बोट ठेवता येत नाही, सगळं अंगच ठेचल्यासारखं वाटतं, अशा बाईला आधी झोपेबद्दल विचारावं. रात्री दोन-तीन वेळा घामाने जाग येत असेल तर वेदना सोसण्याची ताकद दुसऱ्या दिवशी उतरते. अशा वेळी घाम-वाफा आणि झोपेवर उपचार केले की दुखण्याचा मोठा भाग हलका होतो. वेदनाशामकांनी तो होत नाही.

ताकद आणि ताट

‘मी रोज तासभर चालते’ हे चांगलंच आहे, पण चालण्याने स्नायूंना वजन मिळत नाही. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणं पायांना उत्तम, पण गुडघ्याची वाटी दुखत असेल तर उतरताना तिच्यावर सगळा भार येतो. तेव्हा कठडा धरून, सावकाश. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा-पाऊण तास, ताकदीचा व्यायाम हवा: खुर्चीवरून उठबस, भिंतीवर हात टेकून पुश-अप, खिडकीच्या गजाला रबरी पट्टा अडकवून मागे खेचणं, कंबर उचलणं, चवड्यांवर उभं राहणं, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन घरातल्या घरात फेऱ्या. प्रत्येक ८ ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज १५ होत असतील तर वजन कमी आहे. दुखण्याचं प्रमाण दहात तीन-चारपर्यंत चालतं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. तसं झालं नाही तर व्यायाम बंद न करता वजन किंवा फेऱ्या निम्म्या करा. योग करणाऱ्यांनी दुखऱ्या मनगट-खांद्यावर सूर्यनमस्कार रेटू नयेत. खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे घेऊन आसनं करण्याची पद्धत ज्या पुण्यात योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी रुजवली, तिथे तरी आधार घ्यायला लाजू नये.

स्नायू बांधायला प्रथिनं लागतात आणि मराठी ताटात ती वाटतात त्याहून कमी असतात. वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ते ७० ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच मिळतात. एक अंडं सहा, दह्याची वाटी पाचच्या आसपास, १०० ग्रॅम पनीर १८-२०, ३० ग्रॅम कोरडे सोया चंक्स १५. साबुदाण्याच्या खिचडीत जे काही आहे ते दाण्याच्या कुटाचं; साबुदाणा स्वतः शून्याच्या जवळ. उपास बरेच असतील तर त्या दिवशी दूध, दही, पनीर, राजगिरा वाढवा. (किडनीचा आजार असेल तर हा हिशोब डॉक्टरांशी बोलून.)

कॅल्शियम रोज १२०० मिलिग्रॅम हवं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० असतं, म्हणजे एका भाकरीत पावणेदोनशेच्या आसपास. २०० मिलि दुधात सुमारे २४०. हे जमत असेल तर गोळी लागतेच असं नाही. घ्यायची तर एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कार्बोनेट जेवणाबरोबर, आणि थायरॉइडच्या गोळीपासून चार तास दूर. सकाळी थायरॉइडची गोळी आणि नाश्त्याला कॅल्शियम हा घोळ फार घरांत चालतो आणि मग टीएसएच का हलत नाही ते कळत नाही.

गोळ्या, हार्मोन आणि पुड्या

एका सांध्यापुरतं दुखणं असेल तर आधी डायक्लोफेनॅक जेल, दिवसातून तीन-चार वेळा, नियमाने दोन आठवडे. एकदा चोळून सोडून दिलं तर उपयोग नाही. पोटातून घ्यायची डायक्लोफेनॅक, एसेक्लोफेनॅक यांसारखी औषधं कमीत कमी दिवस. बीपीसाठी टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना ही तिसरी आली की किडनीवर ताण पडतो. केमिस्टकडून ‘दुखण्याची गोळी’ मागताना आपल्याला बीपी आहे हे सांगावं.

हार्मोन थेरपी, म्हणजे कमी झालेलं इस्ट्रोजेन औषधातून देणं, फक्त सांधेदुखीसाठी म्हणून सहसा सुरू करत नाहीत. तिचा सांध्यांवरचा परिणाम माफक असतो. पण घाम-वाफा, मोडलेली झोप आणि अंगदुखी असं तिन्ही असेल, वय ६० च्या आत आणि पाळी थांबून १० वर्षांच्या आत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी तो विषय आपण होऊन काढावा. २००२ मध्ये या थेरपीवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे निकाल आले तेव्हा बसलेली भीती अजून उतरलेली नाही. त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मात्र सांगितलं जात नाही. गर्भाशय असेल तर इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन हवंच. त्वचेवर लावायच्या जेलमध्ये रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी. स्तनाचा कर्करोग, पूर्वी झालेली गुठळी, हृदयविकार, यकृताचा चालू आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर ही वाट बंद.

बिनलेबलच्या सांधेदुखीच्या पुड्यांपासून लांब राहा. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं तर आत स्टिरॉइड असल्याचा संशय घ्या. चेहरा गोल होणं, साखर-बीपी वाढणं, त्वचेवर सहज काळंनिळं होणं ही पुढची लक्षणं. अशी पुडी बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंदही करायची नाही, ती घेऊनच डॉक्टरांकडे जायचं. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हेही सरसकट धरू नका: गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद कागदावर न्या: कुठे दुखतं, सकाळी किती मिनिटं आखडतं, रात्री कितीदा जाग येते, शेवटची पाळी कधी, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं (केसांच्या आणि आयुर्वेदिक धरून). ओपीडीत आपल्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. त्यातली तीन ‘बघा ना डॉक्टर, सगळंच दुखतं’ यात गेली तर हाती कॅल्शियमचीच चिठ्ठी पडते.